लांबलेल्या दुखण्यात प्रार्थना कशी टिकवावी

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, त्याला येत्या पावसाळ्यात तीन वर्षं होतील. उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली. पहिले दोन महिने आमच्या नगरच्या घरी चर्चच्या मंडळीतल्या लोकांची रीघ होती. मग ज्याचा तो आपापल्या कामाला लागला, आणि ते साहजिकच होतं. विश्वासाची कसोटी त्यानंतर सुरू झाली. तुमच्या घरात असंच चिवट दुखणं असेल, तर मला जे उपयोगी पडलं ते सांगते.

प्रार्थना लहान करा, पण तिची वेळ मोडू नका. सुरुवातीला मी रात्री अकराला गुडघे टेकून तासभर प्रार्थना करायचा निश्चय केला. चार दिवसांत तिथेच डोळा लागू लागला आणि सकाळी मन खायला उठायचं. आता पहाटे पावणेसहाला, नळाला पाणी यायच्या आधी, ह्यांच्या खाटेशेजारी बसते. बायबलातलं एक स्तोत्र वाचायचं आणि मग येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायची. एकूण दहा मिनिटं. स्तोत्रं दीडशे आहेत, म्हणजे पाच महिन्यांत एक फेरी होते. माझी सातवी चालू आहे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचून भरपाई करू नका, खूण असेल तिथून पुढे चला.

आणि मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेली प्रार्थना दुधाच्या हिशेबाकडे कधी वळते ते कळतही नाही. आमच्या घरी तर त्याचं आणखी एक फळ मिळालं. ह्यांना ‘पाणी’ हा शब्द सापडत नव्हता, पण एका सकाळी ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथे मी ठसका लागून थांबले, तर पुढची ओळ ह्यांनी म्हटली. अडखळत, पण पूर्ण. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की बोलणं जातं, पण लहानपणापासून पाठ असलेली गाणी आणि प्रार्थना पुष्कळदा शाबूत राहतात. त्या दिवशी मी भाकरी थापताना रडले. भाकर आजचीच मागायची, पुढच्या वर्षाची नाही, हे वाक्य मी लहानपणापासून म्हणत होते. कळलं ते तेव्हा.

तक्रार करायला भिऊ नका. एका प्रार्थनासभेत मला कुणीतरी तोंडावर म्हणालं, ‘ताई, तुमचा विश्वास कमी पडतोय.’ महिनाभर ते शब्द उरात रुतून होते. मग तेराव्या स्तोत्राची पाळी आली. दावीद पहिल्या दोन वचनांत चार वेळा देवाला ‘कोठवर?’ विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली विधवाही न्यायाधीशाच्या दारी पुन्हापुन्हा जाऊन त्याला बेजार करते, आणि ‘खचू नका’ हे शिकवायला येशू तिचाच दाखला देतो.

थकलात तर आधी जेवा आणि झोपा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. वाट पुढची.

ह्यांच्या हाताच्या व्यायामालाही हाच नियम, जबरदस्ती नको. आवळलेली मूठ बोटं ओढून उघडू नका, ती आणखी घट्ट होते. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलं तसं मी आधी मनगट किंचित आत वाकवते, अंगठा मुळाशी धरून हळू बाहेर घेते, मग एकेक बोट सोडवते. मग ताटलीतले हरभरे वाटीत टाकायचे. वर्षभर एकही दाणा उचलला गेला नाही. आता सात-आठ जातात. मी आकडा कॅलेंडरवर लिहिते, कारण वाईट दिवशी मन म्हणतं काहीच बदललं नाही, आणि तेव्हा मनाचं ऐकायचं नसतं.

ज्या दिवशी अगदीच नेट राहत नाही, तेव्हा मी केडगावच्या पंडिता रमाबाईंना आठवते. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मराठी बायबलचं काम सुमारे अठरा वर्षं चालवलं. त्यांच्या मुक्तिसदन आश्रमातल्या बायकांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघालं. छापलेलं पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही.

शेवटचं, मंडळीतल्या भावा-बहिणींसाठी. अशा घरी भेटायला जाल तेव्हा प्रार्थना कराच, पण रविवारी सकाळी दोन तास रुग्णाजवळ बसायचीही तयारी ठेवा. आमच्या स्त्री-समाजातल्या दोघी पाळीपाळीने येतात. त्यांच्यामुळे महिन्यातून दोनदा मी उपासनेला जाते, मागच्या बाकावर बसते आणि प्रभुभोजन घेऊन घरी येते.