परदेशातली रेल्वे पकडायची, तर स्टेशनवर किती आधी पोचायचं?

आपल्या पुण्यात रेल्वेची वेळ अंगवळणी पडलेली असते. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटते, म्हणजे सातला फलाटावर उभं राहिलं की झालं. विमानाचं गणित वेगळं. मुंबईहून मध्यरात्रीचं विमान असेल तर संध्याकाळीच टॅक्सी एक्सप्रेस-वेला लागते. लंडनहून पॅरिसला जाणारी युरोस्टार या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते आणि तिथेच आपली माणसं चुकतात.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतले काका-काकू युरोपला निघाले होते. दौरा आखून देणाऱ्या ऑफिसने दिलेला कागद काकू मला दाखवायला घेऊन आल्या. त्यावर होतं: गाडी १०.३०, स्टेशनवर १०.०५. मला धस्स झालं. त्या गाडीचं प्रवेशद्वार दहालाच बंद होतं. तिकीट हातात, गाडी समोर उभी, आणि तरी आत जाता आलं नसतं.

म्हणून सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधा: या प्रवासात पासपोर्ट कुठे तपासतात? वेळेचं सगळं गणित त्यावर ठरतं.

ब्रिटन शेंगेन देशांत (एकमेकांच्या सीमेवर नेहमीची पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपातल्या देशांत) नाही. त्यामुळे लंडन-पॅरिस गाडीत बसण्याआधी, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरच फ्रान्सचे पोलीस पासपोर्ट तपासतात. पॅरिसला उतरलं की थेट बाहेर, पुन्हा रांग नाही. परतताना पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवर आधी फ्रान्समधून बाहेर पडल्याची तपासणी होते आणि लगेच पुढच्या खिडकीवर ब्रिटनचे अधिकारी बसलेले असतात. म्हणजे दोन देशांच्या दोन रांगा. त्यामुळे परतीच्या प्रवासाला जाण्यापेक्षा थोडा जास्त वेळ ठेवा. त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बाहेरच्या पाहुण्यांची नोंद संगणकावर व्हायला लागली आहे. त्यासाठी फोटो काढतात, बोटांचे ठसे लागू शकतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला यात वेळ लागतो. युरोस्टारच्या मोठ्या गाडीत जवळजवळ ९०० माणसं बसतात आणि ती सगळी याच मोजक्या खिडक्यांसमोरून जातात, हे डोळ्यांसमोर आणा.

आता उलटी मोजणी. वही घ्या आणि गाडीच्या वेळेपासून मागे या.

गाडी १०.३० ची. साध्या वर्गाचं प्रवेशद्वार ३० मिनिटं आधी, म्हणजे १०.०० ला बंद. ही शेवटची रेघ. तिकिटावर किती वाजता यायचं ते छापलेलं असतं आणि ते गाडीगणिक बदलतं, म्हणून आधी ते वाचा. माझ्या मते सुट्टीच्या दिवसांत, ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील तर गाडीच्या पावणेदोन तास आधी स्टेशनात पाऊल पडलं पाहिजे. इथे ८.४५. हॉटेल ते स्टेशन मेट्रोने ४० मिनिटं धरली तर ८.०५ ला खोलीचं दार लावायचं, आणि हॉटेलचा हिशोब आदल्या रात्रीच चुकता करायचा. काकूंच्या कागदावर मी हेच आकडे लाल पेनाने लिहिले.

लंडनमधला क्रम असा: खाली तळमजल्यावर तिकीट स्कॅन करायचं फाटक, मग सामान एक्स-रेमधून, मग पासपोर्ट, मग बसायची जागा. गाडी वरच्या मजल्यावर लागते. (१८६८ मध्ये स्टेशन उघडलं तेव्हा या तळमजल्यावर बीअरची पिंपं ठेवत आणि खांबांमधलं अंतरही पिंपांच्या मापानेच ठेवलं होतं. आत गेलात की त्या खांबांकडे जरूर बघा.)

‘चेक-इन’ म्हणतात खरं, पण विमानासारख्या बॅगा कुणी ताब्यात घेत नाही. प्रत्येकी ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक हातातली पिशवी चालते. वजनाची मर्यादा नाही, पण उचलायच्या आपल्यालाच. पाण्याची बाटली, तेल, शाम्पू चालतो. फळं कापायची स्वयंपाकघरातली सुरी मात्र काढून ठेवा, सुरक्षा तपासणीत ती अडवतात. दूध, चीज, मांस ब्रिटनमधून फ्रान्समध्ये नेता येत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या.

आणखी एक घोळ घड्याळाचा. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे. प्रवास जेमतेम सव्वादोन तासांचा, पण तिकिटावर सव्वातीन तासांचा दिसतो. पुढची गाडी ठरवताना पॅरिसचीच वेळ धरा.

पॅरिसहून पुढे झुरिकला जायचं असेल तर गाडी गार द लिऑनहून सुटते, म्हणजे स्टेशन बदलायचं. आरईआर डी ही लोकल थेट जाते आणि दुसऱ्याच थांब्यावर उतरायचं असतं. तरी बॅगा, जिने, तिकिटाची यंत्रं धरून मधे दीड तास ठेवाच. झुरिकच्या गाडीला मात्र चेक-इन नाही, कारण फ्रान्स आणि स्वित्झर्लंड दोन्ही शेंगेनमध्ये. इथे आपली डेक्कन क्वीनची सवय उपयोगी पडते: २०-३० मिनिटं आधी पोचा. फलाटाचा क्रमांक साधारण २० मिनिटं आधी फलकावर येतो आणि दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. जर्मनी, इटलीतल्या गाड्यांनाही असं चेक-इन नसतं. स्पेनमध्ये लांबच्या वेगवान गाड्यांना सामान स्कॅन होतं, तिथे आणखी पंधरा मिनिटं धरा. पासपोर्ट मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवू नका, धावत्या गाडीतही पोलीस मागू शकतात.

हे सगळं करण्याआधी, पुण्यात असतानाच, व्हिसा उघडून बघा. ब्रिटनचा आणि शेंगेनचा व्हिसा वेगळा. विमानाने पॅरिसला उतरून, रेल्वेने लंडन बघून पुन्हा पॅरिसलाच यायचं असेल तर शेंगेन व्हिसावर एकापेक्षा जास्त प्रवेश लागतात. एकच प्रवेश असेल तर तासभर आधी जाऊनही लंडनच्या खिडकीवरून परत फिरावं लागेल.

एवढं करूनही उशीर झालाच, तर रांगेत मुकाट्याने उभे राहू नका. फाटकाजवळच्या कर्मचाऱ्याला तिकिटावरची वेळ दाखवा आणि माझी गाडी हीच आहे असं स्पष्ट सांगा. फाटक बंद व्हायच्या आत सांगितलं, तर काही मार्ग निघण्याची आशा असते.