स्वतःच्या सर्व्हरवर मेलिंग लिस्ट उभारताना

पुण्यातील आमच्या मोडीवाचकांच्या गटात दोनशेच्या आसपास सभासद आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक साठी ओलांडलेले आहेत. जुन्या कागदाचे छायाचित्र पाठवावे, न लागणाऱ्या शब्दाविषयी विचारावे आणि वर्षभराने तीच चर्चा पुन्हा शोधता यावी, एवढीच त्यांची गरज होती. मोबाइलवरच्या गटात चर्चा वाहून जात असल्याने लिनक्स सर्व्हरवर मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर आलेली मेल सर्व सभासदांना पाठवणारी यादी, चालवण्याचे काम मी अंगावर घेतले. तेव्हा मी कर्वेनगरमध्ये खोली घेऊन सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन शिकत होते, आणि या एका कामाने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही वर्गाने शिकवले नाही.

सॉफ्टवेअर बसवणे हा या कामाचा अगदी लहान भाग आहे. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर मेलची ने-आण करणारे पोस्टफिक्स आणि लिस्ट चालवणारे मेलमन ३ एका शनिवारी बसले. जुनी मार्गदर्शने मात्र वापरू नयेत. ती बहुधा मेलमन २.१ विषयी असतात आणि ते पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर चालते, ज्याचा अधिकृत पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला. मेलमन ३ चे तीन भाग ध्यानात ठेवावेत: टपाल हाताळणारा गाभा, व्यवस्थापनाचे पोस्टोरियस आणि जुनी पत्रे दाखवणारे हायपरकिटी. बाहेरून आलेली मेल पोस्टफिक्स स्वीकारते आणि त्याच यंत्रावरील ८०२४ या पोर्टवर (यंत्राच्या क्रमांकित दारावर) गाभ्याकडे सोपवते. हा दुवा पोस्टफिक्सच्या मांडणीत जोडायचा राहिला, तर लिस्टचा पत्ता अस्तित्वातच नाही असे उत्तर पाठवणाऱ्याला मिळते.

खरा वेळ गेला तो आपल्या सर्व्हरची मेल इतरांनी स्वीकारावी यासाठी. अनेक होस्टिंग कंपन्या नव्या ग्राहकाचे, इतर सर्व्हरना मेल पाठवण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट बाहेर जाण्यासाठी बंद ठेवतात, त्यामुळे सर्व्हर घेण्यापूर्वीच ते उघडून मिळेल का हे विचारावे. आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंदही डोमेनच्या पॅनेलमध्ये नव्हे, तर आयपी पत्ता देणाऱ्या कंपनीकडे करावी लागते. ही नोंद मी केली, तरी जीमेलकडून माझी काही पत्रे परत येत आणि काही पोचत. दोन दिवस लॉग वाचल्यावर कळले की परत येणारी पत्रे आयपीव्ही६ या नव्या प्रकारच्या आयपी पत्त्यावरून निघत होती आणि त्या पत्त्याची उलट नोंद मी केलीच नव्हती. एसपीएफ (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकते), डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही तपासण्याची किल्ली) आणि डीमार्क (या तपासण्या फसल्यास पत्राचे काय करावे) या तिन्ही नोंदी तर पहिले पत्र धाडण्याआधीच डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, असाव्यात.

या तिसऱ्या नोंदीनेच पुढे आम्हाला सर्वांत मोठा त्रास दिला, आणि त्यामागचे कारण नवख्यांनी मुळातून समजून घ्यावे. एका ज्येष्ठ सभासदाचा पत्ता याहूचा होता. त्यांनी पत्र लिहिले की लिस्ट त्याच्या विषयाआधी आमच्या गटाचे नाव आणि मजकुराखाली तळटीप जोडत असे. त्यामुळे मूळ डीकेआयएम सही अवैध ठरे, आणि पत्र प्रत्यक्षात आमच्या सर्व्हरवरून निघत असल्याने एसपीएफही प्रेषकाच्या डोमेनशी जुळत नसे. अशी पत्रे सरळ नाकारावीत असे धोरण याहूने एप्रिल २०१४ मध्ये जाहीर केले, तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्टांची हीच अडचण झाली होती. सर्वांत अन्यायाची गोष्ट अशी की नाकारलेल्या पत्राचा दोष मेलमन प्रेषकाच्या नव्हे, तर ज्याच्याकडून पत्र परत आले त्या सभासदाच्या खात्यावर लिहिते. दिवसाला जास्तीत जास्त एक गुण धरला जातो आणि ठरलेली मर्यादा गाठली की त्या सभासदाचे टपाल थांबते. याहूच्या त्या पत्त्यावरून आठवडाभर रोज पत्रे आली आणि ज्यांनी काहीच केले नव्हते अशा तेवीस जणांना लिस्टची मेल येईनाशी झाली.

मेलमनच्या डीमार्क विभागात यावर उपाय आहे: कडक धोरणाच्या डोमेनवरून आलेल्या पत्रावर प्रेषक म्हणून लिस्टचा पत्ता घालायचा आणि मूळ लेखकाचा पत्ता उत्तराच्या रकान्यात ठेवायचा. ही मांडणी लिस्ट सुरू करतानाच करावी. मी तळटीपही काढून टाकली. सभासदत्व सोडण्याचा दुवा शीर्षनोंदींत असतोच.

पत्राच्या आकाराची मूळ मर्यादा अवघी ४० केबी असते. आमच्याकडे कागदांची छायाचित्रे येत असल्याने पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक पत्र मंजुरीसाठी अडकले. ती मर्यादा मी वाढवली.

संग्रहाची प्रत रोज रात्री दुसऱ्या यंत्रावर जाते. दर तीन महिन्यांनी मी तीच प्रत घरच्या लॅपटॉपवर उतरवून, एखादे जुने पत्र त्याच्या छायाचित्रासह उघडते का, हे स्वतः पाहते.