तुझी पट्टी कुठली?

गंगाखेडला मामाच्या गल्लीतल्या मारुतीपुढं शनिवारी भजन असतं. चार वर्षं रॅप करून गॅदरिंगमध्ये बऱ्यापैकी नाव झालं होतं, तेव्हा मामानं मला तिथं नेऊन बसवलं. पेटीवाले बुवा म्हणाले, "म्हण की रे एखादा अभंग. पट्टी कुठली तुझी?"

पट्टी म्हणजे आपला आवाज जिथं सहज बसतो तो मूळ सूर; मला मात्र शाळेतल्या पट्टीपलीकडं काही ठाऊक नव्हतं. रॅपमध्ये कुणी विचारतच नाही. बुवांनी एकेक सूर दाबत माझ्याकडून 'आ' म्हणवून घेतला. काळी तीनला, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरावर, गेलो की गळा फाटायचा; उतरत उतरत काळी एकला आवाज बसला. रॅप सोडून गायला निघालेल्या पोरांनी आधी हे करून घ्यावं. आवाज सुरात ओढणारं ऑटोट्यून सॉफ्टवेअर नंतर. चुकीच्या पट्टीत ते लावलं की आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो.

रॅपचं काही वाया जात नाही. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोके, चार-चार ठोक्यांचे सोळा बार म्हणजे साधारण ४३ सेकंद. तेवढ्यात श्वास कुठं चोरायचा, हे अंगात भिनलेलं असतं. केरवा तालाच्या ८ मात्रांत, म्हणजे ठोक्यांत, आपण सहज बसतो. दादरा तालाच्या ६ मात्रांत मात्र माझी पार भंबेरी उडाली. टाळ्या मोजत आठवडाभर नुसते बोल म्हटले, तेव्हा जमलं.

खरी खोड मोडली अभंगानं. मोठ्या अभंगाचे तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा फक्त चारचा. ती उरलेली जागा दिसली की रॅपरचा हात शिवशिवतो. मी तिथं आणखी चार शब्द कोंबले. बुवा पेटी थांबवून म्हणाले, "लेकरा, टाळकऱ्यांना जागा सोड की!" त्या रात्री घरी येऊन माझी जुनी गाणी ऐकली तर एकाही गाण्यात कुणाला शिरायला फट नव्हती.

भारूड त्यामानानं जवळचं वाटलं. रॅपमधला 'मी' म्हणजे आपणच, गल्ली-गाव-राग सगळं आपलं. पैठणच्या नाथांच्या भारुडातला 'मी' कधी जोशी असतो, कधी वासुदेव. सोंग घेऊन लिहायला लागलो आणि माझ्याच गाण्यांतली फुशारकी मला ऐकवेना.

गाण्यात संबळ, म्हणजे गोंधळातलं जोडवाद्य, घ्यायचा असेल तर नेटवरचा लूप, म्हणजे तोच तो वाजणारा तयार तुकडा, घेऊ नका. एका गोंधळ्यांना कानात क्लिक, म्हणजे ठरावीक लयीची टिकटिक, लावून वाजवायला लावलं, तर त्यांचा हातच बांधला गेला. गोंधळात शेवटाकडं लय चढते, क्लिक चढत नाही. मग बिनक्लिकचं रेकॉर्ड केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये लय नंतर जुळवली. वेळ लई गेला, पण जीव त्यातच आहे.

पैशाचं थोडक्यात. गणपतीत एका मंडळानं सुपारी अर्धीच दिली, तेव्हापासून मी निम्मे पैसे आधी घेतो. संतांचे शब्द कुणीही वापरावेत, पण एखाद्या संगीतकाराची चाल उचलू नका. त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तिच्यावर हक्क असतो. स्वतः लिहीत किंवा चाली बांधत असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचं सभासदत्व बघा.

नव्या गाण्याचा कोरस काळी एकमध्येच आहे. परवा बुवांना मोबाईलवर ऐकवला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "ढोल जरा कमी कर. शब्द ऐकू येईनात."