पाणी आणि संडासाच्या कामात यायचंय? बेळगाव भागातल्या नव्या मुलामुलींसाठी थोडा अनुभव

आपल्या भागातली बरीच मुलं-मुली विचारतात, ताई तुमच्या त्या पाण्याच्या संस्थेत काम कसं मिळतं, काय शिकायला लागतं, पगार बरा असतो का. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी खानापूर, निपाणी आणि अथणी या तीन तालुक्यांतल्या गावांत आणि वस्त्यांवर काम करते, विषय दोनच, प्यायचं पाणी आणि संडास. संस्था लहान आहे, देणग्या आणि कंपन्यांच्या सीएसआरवर, म्हणजे त्यांनी सामाजिक कामाला दिलेल्या पैशावर चालते.

पहिलं सांगायचं ते हे की या कामात उद्घाटनाचा दिवस सगळ्यात सोपा असतो. टाकी बांधली, नारळ फोडला, फोटो निघाला, पेपरात बातमी आली. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच गावात जाऊन बघायचं की मोटर जळाली तेव्हा पैसे कोणी दिले, ब्लीचिंग पावडर कोण टाकतंय, वरच्या आळीतल्या शेवटच्या घराला पाणी चढतंय का. मला विचाराल तर आमच्या कामाची किंमत त्या शेवटच्या घराच्या नळावरच कळते. ज्यांना दोन वर्षांनी परत त्याच गावात जायचा कंटाळा येतो त्यांनी या क्षेत्रात येऊ नये, मी हे अगदी मनापासून सांगते कारण अर्धवट टाकलेली योजना पाहिली की गावाचा पुढच्या माणसावरचा विश्वासच उडतो.

आता आपला भाग समजून घ्या. एकाच जिल्ह्यात पाण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत की एका तालुक्यातला उपाय दुसऱ्या तालुक्यात चालत नाही. खानापूरकडं कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पाऊस असा की जून ते सप्टेंबर छत्री वाळत नाही, आणि त्याच कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात, भीमगडच्या जंगलातल्या गावांत आणि गवळीवाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका झऱ्याजवळ बसून वाटीनं पाणी भरतात. जांभा दगड, पाणी धरूनच ठेवत नाही, पडलं की झिरपून उताराला निघून जातं. पण असलेलं पाणी गोड असतं, त्यात क्षार फार कमी, तिथली अडचण जंतूंची, उघडी विहीर, शेजारी गुरं, पावसात सगळं वाहून आत. अथणीकडं बरोब्बर उलटं. पाऊस कमी, काळी जमीन, आणि काही गावांत बोअरचं पाणी इतकं जड की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आणि निपाणी-चिकोडीकडं दूधगंगा-वेदगंगा आणि कृष्णेचा पूर, 2019 आणि 2021 ला आपण बघितलाच, नदीकाठच्या गावांत पंपघरं पाण्याखाली, चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला घोटभर नाही.

हे का सांगते, कारण देणगीदार आला की त्याला आरओ प्लांट द्यायचा असतो. आपल्याकडं ते सगळीकडं आहेत, नाणं टाकायचं आणि 20 लिटरचा कॅन भरायचा, लोक त्याला फिल्टर म्हणतात. अथणीच्या जड पाण्याच्या गावात त्याचा उपयोग आहे, नाही कोण म्हणतंय. पण खानापूरच्या गोड्या झऱ्यावर आरओ बसवून काय मिळणार, तिथं झऱ्याला बांधीव पेटी करा, वरून झाकण, बाजूनं पावसाच्या पाण्याला चर, गुरांना वेगळी कुंडी, थोडं क्लोरीन, झालं काम, खर्चही कमी. शिवाय आरओ गाळताना बरंच पाणी बाहेर टाकतो, ते पाणी कुठं सोडणार हे आधी ठरवायला लागतं. नव्या माणसाला इथं ठामपणे नाही म्हणता आलं पाहिजे, आणि नाही म्हणायला हातात आकडे लागतात. म्हणून पाणी तपासायला शिका. आयएस 10500 हे भारतीय मानक आहे, त्यातले चार-पाच आकडे तोंडपाठ करा: टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 500 पर्यंत चांगलं आणि दुसरा पर्यायच नसेल तर 2000 पर्यंत, फ्लोराईड 1 आणि जास्तीत जास्त 1.5, नायट्रेट 45, हे सगळे लिटरला मिलिग्रॅम, आणि ई-कोलाय हा विष्ठेतला जंतू 100 मिलीत एकही नाही.

जंतू आहेत का ते बघायला आम्ही एचटूएस नावाच्या तपासणीची छोटी बाटली वापरतो. आत औषध असतंच, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, घरातच उबदार जागी ठेवायची, 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं की समजायचं यात विष्ठेतले जंतू असण्याचा धोका आहे. मी ही बाटली कधी ऑफिसला आणत नाही, ज्या घरातलं पाणी त्याच घरात चुलीजवळच्या फळीवर ठेवते. जांबोटीच्या पुढच्या एका वस्तीवर एका मावशींनी दुसऱ्या दिवशी ती काळी बाटली स्वतः हातात धरून शेजारच्या चार घरांत फिरवली, "हे बगा, हे आपण पोरांना पाजवालोय". त्यानंतर विहिरीवर जाळी आणि कठडा करायला वर्गणी काढा असं मला सांगावंच लागलं नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट पण करून घ्याच, तो पंचायतीला दाखवायला लागतो, पण गावाला पटतं ते डोळ्यांनी दिसलेलं.

क्लोरीनचा हिशोब सोपा आहे. 33 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर धरली तर 1000 लिटरला साधारण 6 ग्रॅम टाकली की 2 पीपीएमचा (लिटरला 2 मिलिग्रॅम) डोस बसतो, म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला 300 ग्रॅम. आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं, अर्धा तास थांबून मग व्हॉल्व सोडायचा. शेवटच्या नळाला निदान 0.2 पीपीएम क्लोरीन दिसलं पाहिजे. आणि पोतं उघडं राहिलं की पावडरचा जोर जातो, खानापूरच्या पावसात तर फारच लवकर, त्यामुळं पावडर टाकली असं वॉटरमॅन सांगतो ते खरंच असतं आणि तरी नळाला शून्य दिसतं. त्याला ओरडू नका, पावडर कुठं ठेवलीय ते बघा.

अजून एक गोष्ट बघायला शिका, नळाचा खड्डा. दाब कमी म्हणून लोक अंगणात गुडघाभर खड्डा काढून त्यात नळ लावतात, म्हणजे पाणी लवकर येतं. त्याच खड्ड्यात न्हाणीचं आणि गटाराचं पाणी साठतं, आणि पुरवठा बंद झाला की रिकामा पाइप ते घाण पाणी आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी पहिली बिंदगी (घागर) भरणारीच्या घरात जुलाब. हुबळी-धारवाडमध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की चोवीस तास पाणी असलेल्या भागात नळाच्या पाण्यात जंतू कमी सापडतात आणि चार-पाच दिवसांनी सोडलेल्या पाण्यात जास्त, कारण हेच. म्हणून गावात शिरल्यावर टाकी बघायच्या आधी पाच-दहा घरांचे नळ बघत चला.

संडासाबद्दल बोलायला आपल्याकडं लोक लाजतात, तुम्ही लाजू नका. सरकारी योजनेतून 12,000 रुपये मिळतात पण ते बांधून झाल्यावर, फोटो अपलोड झाल्यावर, आणि ज्याच्याकडं सिमेंटला पैसे नाहीत तो आधी बांधणार कशावर. त्यामुळं खरी गरज तिथं असते, स्त्रीशक्ती संघाच्या, म्हणजे बचत गटाच्या बायकांकडून बिनव्याजी किंवा कमी व्याजानं आधी पैसे उभे करून द्यायचे आणि अनुदान आलं की परत फिरवायचे. आमचं सगळ्यात समाधान देणारं काम हेच आहे, फोटोत ते दिसत नाही.

बांधताना दोन शोषखड्ड्यांचा संडास हा गरिबाला परवडणारा आणि सुरक्षित प्रकार. दोन गोल खड्डे, मीटरभर अंतर, विटांमध्ये जाळी ठेवून बांधायचे, तळ मातीचाच. एक भरला, साधारण तीनेक वर्षांत, की वाय चेंबरमधून, म्हणजे दोन्ही खड्ड्यांकडं फाटे फुटणाऱ्या छोट्या पेटीतून, वाट बदलायची, भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की आत कोरडं खत होतं, वास नाही की काही नाही. विहिरीपासून 10-15 मीटर लांब, आणि जांभ्यात त्याहून लांब कारण तो दगड पाणी गाळत नाही, तसंच सोडून देतो. जिथं पावसात जमिनीतलं पाणी वर येतं तिथं खड्डा उंच उचलून भोवती मातीचा भर घालायचा.

हे सगळं कागदावर. गावात गवंडी मामा तळाला सिमेंट घालून मोकळे होतात, "खाली माती ठेवली तर काम कच्चं दिसतंय की ताई". घरमालकाला दहा फूट खोल टाकी पाहिजे असते, म्हणजे जन्मात भरायला नको. ती भरतेच. मग एक तर पाइप काढून गटारात सोडतात, नाही तर कुणाला तरी आत उतरवतात. मैला काढायला टाकीत माणूस उतरवणं 2013 च्या मैला-सफाईबंदी कायद्यानं गुन्हा आहे, आतल्या वायूनं माणूस मिनिटात जातो, आणि तो माणूस नेहमी त्याच ठराविक वस्तीतला असतो. मला या विषयावर शांतपणे बोलता येत नाही. म्हणून खड्डा खणायच्या दिवशी मी स्वतः जागेवर असते, खड्ड्याचं बांधकाम होईपर्यंत हलत नाही, गवंडी मामांबरोबर चहा पिऊन एकेक गोष्ट पटवून देते. तुमच्या पहिल्या वर्षात तुम्ही पण गवंड्यांची ओळख करून घ्या, इंजिनिअरपेक्षा ते जास्त ठरवतात.

शाळेच्या संडासाचं थोडक्यात: दाराला आतून कडी, बादलीत पाणी, पॅड टाकायला डबा, आणि किल्ली मुलींच्या हातात. किल्ली हेडमास्तरांच्या कपाटात असेल तर तो संडास नाहीच असं धरा.

ऊसतोड कामगारांकडं मात्र जास्त लक्ष द्या, कारण त्यांच्याकडं कुणाचंच नसतं. हंगामात निपाणी-चिकोडी-अथणीच्या शिवारात त्यांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतात, पाणी शेतातल्या बोअरचं नाही तर कालव्याचं, संडास नाहीच, बायका पहाटे चारला उसातच जातात आणि दिवसभर पाणी कमी पितात म्हणजे परत जायला नको. घरोघरी नळानं पाणी द्यायचं जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं, आपल्या कर्नाटकात त्यालाच मनेमनेगे गंगे म्हणतात, माणशी दिवसाला 55 लिटर. पण ते गावच्या यादीतल्या घरांना, कोपीला घर नंबर कुठला असणार. तिथं आम्ही नळ लावलेली पाण्याची टाकी आणि पत्र्याचे तात्पुरते संडास ठेवतो. त्यासाठी साखर कारखान्याचा शेती विभाग आणि स्लिप बॉय (तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस) यांच्याशी बोलायला लागतं, टोळी कुठं उतरली ते त्यांनाच माहीत असतं.

आता ऑफिसचं. गावात पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), वॉटरमॅन आणि गावची पाणी समिती ही तीन नाती जपा. सगळे कागद कन्नडमध्ये, त्यामुळं कन्नड वाचता आलंच पाहिजे, नुसतं "नीर बंतेन्री" (पाणी आलं का) येऊन भागत नाही, ठराव वाचता आला पाहिजे, अर्ज लिहिता आला पाहिजे. आपली मराठी पोरं इथं मागं पडतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण सीमाभागाचं राजकारण त्याच्या जागी, मावशीच्या नळाचा अर्ज अडकायला नको. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत पाइपलाइनची चर खणायची तर वनखात्याची परवानगी लागते, तिला वेळ लागतो, हे देणगीदाराला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाका.

शिक्षणाचं म्हणाल तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, चालतं, बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात आहे, सिव्हिल डिप्लोमा किंवा केमिस्ट्रीतली बीएस्सी पण तितकीच उपयोगी. पाण्याच्या धोरणात खोल जायचं असेल तर मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटकडं बघा. 2001 मध्ये सुरू झालेली बेंगळुरूची अर्घ्यम ही संस्था पाण्यावर काम करणाऱ्यांना मदत करते, वॉटरएड ही संस्था 1986 पासून भारतात आहे, त्यांची माहितीपत्रकं फुकट मिळतात, वाचून काढा. पैसा कुठनं येतो तेही समजून घ्या, 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीच्या 2 टक्के सामाजिक कामाला द्यायला लागतात, पण ते बहुतेक वर्षाच्या हिशोबानं येतात आणि झऱ्याचं काम वर्षात मावत नाही. म्हणून नोकरी घेताना सरळ विचारा: पगार कुठल्या प्रोजेक्टमधून, तो कधी संपतो, पेट्रोल आणि अपघात विमा कोण देतं. मी आधी जिथं होते तिथं प्रोजेक्ट संपला आणि शेवटचे पगार अडकले, घर चालवणाऱ्या माणसाला ते जड जातं. विचारायला लाजू नका, सेवा आहे म्हणून उपाशी राहायचं असं कुठं लिहिलेलं नाही. सुरुवातीला पगार कमीच असतो, घरच्यांशी आधी बोलून घ्या.

यायचं पक्कं असेल तर मे महिन्यात आठवडाभर या, एखाद्या वस्तीवर राहा, बायकांबरोबर पहाटे पाण्याला जा, घागर स्वतः उचला. पावसाळ्यात आलात तर खानापूरची तहान दिसणारच नाही. दुचाकीचं लायसन काढून ठेवा, जांबोटीच्या पुढं एसटीच्या फेऱ्या कमी आहेत, आणि तपासणीच्या बाटल्या आम्ही देतो.