टेपवर्मची तपासणी करताना या चुका टाळा

मिरजेतल्या आमच्या लॅबमध्ये रोज कुणीतरी विचारतं, "एकदा तपासलं की, निगेटिव्ह आलंय. परत कशाला?" टेपवर्म म्हणजे आतड्यात वाढणारा पट्टीसारखा चपटा जंत, त्याची अंडी रोज शौचात सापडतीलच असं नसतं. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या. डबी कोरडी हवी, लघवी मिसळू देऊ नका.

मेडिकलमधून गोळी घेऊन मग नमुना आणू नका. जंतदिनाची अल्बेंडाझोलची एक गोळी टेपवर्मला पुरेलच असं नाही. प्राझिक्वांटेल हे टेपवर्मचं औषध तर मनाने अजिबात घेऊ नये, मेंदूत टेपवर्मच्या गाठी असल्या तर फिट येऊ शकते.

सगळ्यात जास्त चीड येते ती "आम्ही माळकरी, आम्हाला कसा होईल?" या वाक्याची. तासगावकडच्या एक बाई, फिट आली म्हणून दाखवलेलं. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. एका ठिकाणी शौच तपासलं, निगेटिव्ह आलं आणि तिथेच टेपवर्मचा विषय संपवला. पुढे मेंदूच्या एमआरआयमध्ये गाठ दिसली, आत किड्याच्या डोक्याचा ठिपका. ही गाठ मांस खाऊन होतच नाही, पोटात अंडी गेल्याने होते: न धुतलेली कोथिंबीर, नाहीतर जंत असलेल्या माणसाचे हात. बाईंच्या आतड्यात किडाच नव्हता, मग शौचात काय सापडणार? आम्ही घरातल्या सगळ्यांचे नमुने मागवले. बाहेरगावी कामाला राहून आलेल्या दिरांच्या तिसऱ्या नमुन्यात अंडी निघाली. पहिले दोन साफ होते.

शौचात पांढऱ्या नाडीसारखा चपटा तुकडा दिसला तर फेकू नका, कागदात गुंडाळून वाळवूही नका. सलाइनमध्ये बुडवून आणा, हातात ग्लोव्हज घाला. दोन काचांमध्ये दाबून आम्ही त्या तुकड्यातल्या किड्याच्या गर्भाशयाच्या एका बाजूच्या फांद्या मोजतो. 7 ते 13 असल्या तर बहुधा डुकराच्या मांसातला सोलियम, 15 च्या पुढे गेल्या तर गोमांसातला सॅजिनाटा. दोघांची अंडी मायक्रोस्कोपखाली सारखीच दिसतात. नुसती अंडी बघून रिपोर्टवर "सोलियम" ठोकणाऱ्या नव्या पोरांना मी सही करू देत नाही. "टिनियाची अंडी" एवढंच लिहायचं, टिनिया हे दोघांचं सामायिक नाव.

आणि औषध झालं म्हणून विसरू नका. एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा नमुना द्या. डोकं आत राहिलं तर किडा परत वाढतो.