डक्टमध्ये वारा असेल तर मेश कोणत्या तरंगलांबीवर ठरवायची?

वाऱ्याशिवाय चोख चालणारं डक्टचं ध्वनी मॉडेल प्रवाह चालू केला की फॅनच्या इनलेटकडे चुकायला लागतं. बहुतेक वेळा दोष सॉल्व्हरचा (समीकरणं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) नसतो; मेश, म्हणजे मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत (एलिमेंटमध्ये) विभागतो ती जाळी, जाड असते.

१. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या लाटेची लांबी काढा: (१ − मॅक नंबर) × ध्वनिवेग ÷ वारंवारता. मॅक नंबर म्हणजे वाऱ्याचा वेग ÷ ध्वनिवेग.

२. एलिमेंटचा आकार याच लांबीवरून ठरवा. ध्वनिवेग ३४० मी./से., २००० हर्ट्झ आणि मॅक ०.३ धरा. स्थिर हवेत तरंगलांबी १७० मिमी, प्रवाहाबरोबर २२१, पण विरुद्ध दिशेला फक्त ११९. एका लाटेत १० एलिमेंट हवे असतील तर अक्षाच्या दिशेने १७ नाही, १२ मिमीच्या आत राहावं लागतं.

३. खरी भूमिती घेण्याआधी मीटरभर लांबीची सरळ, कडक भिंतीची नळी सोडवा. दोन्ही टोकं परावर्तन न करणारी ठेवा आणि सपाट लाट वाऱ्याविरुद्ध सोडा. दाबाच्या आलेखावर शिखर ते शिखर अंतर मोजा, ११९ मिमी भरलं पाहिजे. लाट पुढे सरकताना उंची घटत असेल तर मेश अजून बारीक करा. ही चाचणी मिनिटभरात होते आणि पुढचे कित्येक तास वाचवते, म्हणून मी ती कधीच टाळत नाही.

सावधान: मॅक नंबर सरासरी घेऊ नका. डक्ट जिथे सर्वांत अरुंद आहे तिथला घ्या, तिथे ०.५ झाला तर तीच लाट ८५ मिमीवर येते.