एअर फ्रायर ओव्हन घ्यायचाय? आधी ओट्याजवळचा पॉइंट बघा

एअर फ्रायरवाला ओव्हन कोणता घ्यावा असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, ओट्याजवळ पॉवर पॉइंट आहे का? परभणीत आणि आसपासच्या गावांत घरांची वायरिंग करणं हे माझं काम. कंपनी कोणती, बटणं किती, हे त्यानंतर.

हिशेब सरळ आहे. हे ओव्हन साधारण 1500 ते 1800 वॅटचे असतात. 1700 वॅटचा ओव्हन 230 व्होल्टवर सात अँपिअरच्या वर करंट ओढतो. मिक्सरची पिन लावतो तो लहान पॉइंट 6 अँपिअरचा, म्हणजे जेमतेम 1380 वॅटचा. तिथं कन्व्हर्टर पिन लावून ओव्हन चालवला तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. आतली पट्टी तापत जाते, ढिली होते, मग सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडतं आणि जळका वास सुटतो. असा बोर्ड उघडला की मला काळजी वाटते, कारण बहुतेक घरांत गॅसची नळी तिथून हातभरावर असते. म्हणून 16 अँपिअरचा पॉइंट, त्याला एमसीबीपासून (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) 2.5 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर आणि खरी अर्थिंग, एवढं आधी करून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक असतं, पण त्यामागं वायरच नसते. ओव्हनचं अंग पत्र्याचं असल्यानं इथं तडजोड चालत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि घरगुती इन्व्हर्टरवर तर लावूच नका.

दुसरं म्हणजे व्होल्टेज. संध्याकाळी डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, बोजा वाढला की गावाकडं लाईट डिम होते, हे आपल्याला नवीन नाही. पण ओव्हन तापवणाऱ्या रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात घटते. 230 चे 180 व्होल्ट झाले की 1700 वॅटचा ओव्हन साधारण 1040 वॅटचाच उरतो, आणि पंखाही मंदावतो. पुस्तिकेत वीस मिनिटं लिहिलेला पदार्थ अर्ध्या तासातही कुरकुरीत होत नाही, आणि लोक म्हणतात मशीनच खराब निघालं. तुमच्याकडं व्होल्टेज पडत असेल तर मोठ्या पोकळीचा कमी वॅटचा ओव्हन टाळा. पोकळी लहान आणि वॅट जास्त असा बघा. फ्रिजचा स्टॅबिलायझर याला जोडू नका, तो एवढ्या भारासाठी बनवलेला नसतो.

लाईट जाते-येते, म्हणूनही माझी पसंती गोल नॉबवाल्याला आहे. टच पॅनलवाला ओव्हन लाईट जाऊन आली की बहुधा बंदच राहतो, सगळं नव्यानं लावावं लागतं. स्प्रिंगचा टायमर आपला फिरत राहतो. लाईट आली की उरलेली मिनिटं ओव्हन तापतो, आणि वेळ संपली की आपोआप बंद होतो. पिझ्झा, चिकन, केक अशी बारा बटणं असली तरी आत तापमान, वेळ, रॉड आणि पंखा एवढंच असतं. ते चार आपल्या हातात असले म्हणजे झालं.

पंखा मात्र नीट तपासा. नुसत्या ओटीजीमध्येही (केक-टोस्टचा साधा विजेचा ओव्हन) कधी कधी छोटा पंखा असतो, पण त्यानं हवा जेमतेम हलते. एअर फ्रायरसाठी रॉडजवळ जोरात फिरणारा पंखा आणि खालून हवा जाईल अशी जाळीची टोपली, दोन्ही हवं. दुकानात चालू करून दाखवायला सांगा, एअर फ्रायचा नॉब फिरवला की आवाज बदलला पाहिजे.

आकाराच्या बाबतीत लिटरवर जाऊ नका. घरातलं नेहमीचं ताट नाहीतर केकचा डबा सोबत न्या आणि आत बसवून बघा. चार-पाच माणसांना 20 ते 25 लिटरचा पुरतो. ओटा साधारण दोन फूट खोल असतो. ओव्हनची खोली, मागं चार इंच मोकळी जागा, आणि पुढं खाली उघडणारं दार, हे टेपनं मोजा. वर सनमायकाचं कपाट अगदी टेकलेलं असेल तर जागा बदला.

आता आपल्या स्वयंपाकात तो कशाला उपयोगी पडतो? भरताच्या वांग्याला टोचे मारून, तेल लावून 200 अंशावर अर्धा तास ठेवलं की आतून लोण्यासारखं होतं. गॅसवरच्या वांग्याचा धुरकट वास मात्र येत नाही. शेंगदाणे 160 अंशावर बारा-पंधरा मिनिटांत एकसारखे भाजतात, मधून हलवायचे. फोलपटं पंख्याच्या वाऱ्यानं उडून रॉडवर जळतात, म्हणून खालचा चुऱ्याचा ट्रे सहज बाहेर निघतो का ते घेतानाच बघा. येसराची (आमटीसाठी भाजून दळलेलं पीठ) ज्वारी, बाजरी, हरभरा यांसाठी जाळी नको, भरीव ट्रे घ्या. पापड आणि कुरडई हलकी, वर जाळी दाबून ठेवली नाही तर थेट रॉडला जाऊन चिकटतात. मिरची भजी यात होत नाहीत, ओलं पीठ टोपलीतून गळतं. भाकरीला तवाच. आणि वाळवणाचा मोड आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका. एप्रिल-मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन कांदा-मेथी वाळवायला भरपूर आहे.

वीज म्हणाल तर 1500 वॅटचा ओव्हन अर्धा तास चालला की जास्तीत जास्त पाऊण युनिट.

पैसे देण्याआधी एक विचारून घ्या: दुरुस्तीला माणूस तालुक्याला येतो का, की मशीन परभणी, नांदेड नाहीतर संभाजीनगरला उचलून न्यावं लागतं? रॉड आणि थर्मोस्टॅट सुटे मिळतात का? पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. घरी आणल्यावर खिडकी उघडून रिकामाच पंधरा मिनिटं पूर्ण तापवा. कारखान्यातल्या तेलाचा वास आणि थोडा धूर येईल, त्याला घाबरू नका. मग बंद करून पिनेला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर वायरमनला बोलवा आणि तोवर ओव्हन लावू नका.